अकरा मिनिटांचा पासंग

मंगल माझी बायको. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली माझी एकच गोष्ट आहे, आणि ती मी आज पहिल्यांदा बाहेर काढतो आहे. आधी तिलाच सांगायला हवी होती — हवी होती, मान्य. पण समोर माणूस असलं की ते मध्येच "मग?" म्हणतं, आणि त्या "मग"ला मी घाबरतो. तुम्ही म्हणू नका. मी माझ्या चालीनं येतो.

आधी माझं काम सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. मी हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मापाडी आहे. हळदीचं पोतं हमाल काट्यावर ठेवतो, मी आकडा बघतो आणि मोठ्यानं पुकारतो. शेतकरी एका बाजूला उभा असतो, घेणारा दुसऱ्या बाजूला. आकडा दोघांनाही ऐकू गेला पाहिजे. एकाच्या कानात सांगितलेलं वजन हे वजन नसतं, असं माझे वडील, आप्पा, म्हणायचे. तेही मापाडीच होते, तराजूच्या काळातले. त्यांची आणखी एक शिकवण होती : नोंद चुकली तर पुसायची नाही. आडवी रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा, सही करायची. म्हणजे चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते, आणि दोन्हीचा धनी कोण तेही.

मी हे तीस वर्षं पाळलं. एकदा सोडून. पण त्याआधी टीव्हीचं सांगावं लागेल.

मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत एक भांडण रोजचं होतं. एक जण म्हणायचा, हे बातम्यांचं चॅनल त्या पार्टीला विकलं गेलंय. दुसरा म्हणायचा, ते नाही, तू बघतोस तेच. दोघांचा आवाज सारखाच चढायचा. मी दोन-तीन महिने ऐकलं आणि एक दिवस म्हणालो, भांडता कशाला, मोजू की. सगळे हसले. किसन नावाचा हमाल आहे, तो म्हणाला, "मापाडीसाहेब, माझं आन माझ्या बायकोचं बी मोजा येकदा. माझा रकाना कोराच निघंल."

पण मी खरंच मोजायला बसलो. शाळेची लांब वही घेतली, हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. संध्याकाळची चर्चा लागली की कोण कधी सुरू झाला, कधी थांबला, कुणी कुणाला तोडलं — सगळं. मंगल स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमी बातम्या ऐकून राहिले का नुसत्या मोजून राहिले?" प्रश्न बरोबर होता. मोजताना ऐकू येत नाही. ऐकायला लागलं की मोजायचं राहतं.

मला त्यात मजा वाटायला लागली, हे कबूल करतो. किती गोष्टी निघाल्या. दोन्ही बाजूंना वेळ जवळजवळ सारखा मिळतो, पण एका बाजूचा माणूस सुरुवातीला बोलतो आणि दुसऱ्याच्या वाक्यात जाहिरात येते. एकाला "साहेब" म्हणतात, दुसऱ्याला नुसत्या नावानं हाक मारतात. एकाचा चेहरा मोठ्या चौकटीत असतो, दुसऱ्याचा खालच्या कोपऱ्यात, सरकत्या पट्टीनं हनुवटी झाकलेला. हे कोणत्या रकान्यात टाकायचं? आणि सगळ्यात नवल म्हणजे, सर्वात जास्त वेळ बोलत होता तो प्रश्न विचारणारा. मी आधी त्याचा रकानाच आखला नव्हता. काट्याला कोण मोजतं? इथं मात्र काट्याचंच वजन पोत्यापेक्षा जास्त निघालं.

मग मनात येऊ लागलं — निःपक्ष म्हणजे काय असतं मग? मी लहान असताना बातम्या सांगणारी माणसं चेहरा कोरा ठेवून सांगायची. पूर आला तरी तोच चेहरा, सामना जिंकला तरी तोच. आप्पा म्हणायचे, बातमीवाल्याचं तोंड मापाड्यासारखं पाहिजे. पण कोणती बातमी आधी घ्यायची आणि कोणती घ्यायचीच नाही, हे तो कोरा चेहरा ठरवत नव्हता. त्याच्या मागं कुणीतरी बसलेलं होतं. पुढं दोन बाजूंची दोन माणसं समोरासमोर बसवली की त्याला निःपक्ष म्हणू लागले. आता तर निवेदक उघडच सांगतो की मी अमुक बाजूचा, आणि बघणारे म्हणतात, चला, निदान लपवत तरी नाही. तीन काळ, तीन व्याख्या. यातली खरी कोणती? मधलं म्हणजे कुठलं? दोन टोकं जिथं ठेवाल त्याच्या मध्ये जे येईल ते मधलं. एक टोक सरकवलं की मधलंही गुपचूप सरकतं, आणि जागेवर उभा असलेला माणूस एका बाजूला गेलेला दिसतो. बिचारा हललेलाही नसतो.

हे मी आता फार हुशारीचं लिहितो आहे. तेव्हा एवढं कळलं असतं तर पुढचं झालंच नसतं. की कळलं होतं?

आमच्या गावात केबल चालवणारे गजूभाऊ म्हणून होते. रोज सात वाजता पंधरा मिनिटांच्या गावच्या बातम्या दाखवायचे, रविवार सोडून. मोठ्या चॅनलवर हिंगोलीचं नाव वर्षातून एखाद्या वेळी येतं. गजूभाऊंच्या बातम्यांत रोज यायचं, म्हणून लोक बघायचे. पाच-सहा वर्षांखालची गोष्ट. निवडणूक जवळ आली होती. गजूभाऊ मोंढ्यात आले, माझ्या काट्याजवळ पोत्यावर बसले आणि म्हणाले, "मापाडी, माझ्या दोन्ही दारांत माणसं बसून राहिलीत. पुढच्या दारातला म्हणतो तू त्यांचा, मागच्या दारातला म्हणतो तू ह्यांचा. अरे मी केबलचा हाय बाबा. मला माझ्या वायरी सांभाळू द्या."

त्यांचं म्हणणं असं की मी टीव्ही मोजतो हे गावाला माहीत आहे, तर त्यांच्या बातम्याही मोजाव्यात. आठवड्याची मिनिटं मांडावीत, रविवारी कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवावीत, आणि कोणती बातमी कोणत्या रकान्यात धरली त्याची यादी त्यांच्या ऑफिसच्या दारावर चिकटवावी. रकाने मीच ठरवले. सत्तेकडचे. विरोधातले. इतर. इतरमध्ये म्हणजे अपघात, हवामान, शाळेचं गॅदरिंग, नरसीची यात्रा, हळदीची आवक — ज्यात कुणाची बाजू नाही ते सगळं.

पहिल्या रविवारी मी कॅमेऱ्यासमोर बसलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आकडे वाचले. ते वाचून थांबायला हवं होतं. पण समोर तो लाल दिवा लागलेला असतो ना, त्याच्याकडं बघून माणसाला आणखी काहीतरी बोलावंसं वाटतं. मी बोललो : दोन्ही बाजूंत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक मी पडू देणार नाही.

कुणी सांगितलं होतं? गजूभाऊंनी नाही. कोणत्या पार्टीनं नाही. पोतं काट्यावर चढायच्या आधीच मापाड्यानं वजन जाहीर केलं — असं मोंढ्यात कुणी केलं तर त्याचं लायसन काढून घ्यावं. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर लोक उठून जागा देऊ लागले. "काय मापाडी, ह्या हप्त्यात कोणतं पारडं?" असं विचारू लागले. दोन्ही बाजूंची माणसं विचारायची. मला ते आवडलं. फार आवडलं. पन्नाशीच्या माणसाला गावानं नव्यानं ओळखणं — त्याची चव तुम्हाला माहीत असेल तर माहीत असेल.

चार आठवडे आकडे आपोआप दोन मिनिटांत बसले. पाचव्या आठवड्यात वंदनाची बातमी आली.

वंदना राठोड ही गजूभाऊंची एकुलती बातमीदार. नरसीच्या पुढं डोंगराकडेला तांडा आहे, तिथली. दोन लेकरांची आई, स्कूटीवर फिरायची, मोबाईलवरच चित्रण करायची, घरी जाऊन स्वतःच तुकडे जोडायची. तिच्या तांड्यात पाण्याची टाकी बांधून झाली होती, रंग दिला होता, घरोघरी नळाचे खांब उभे होते. पाणी नव्हतं. दोन वर्षं बायका एका शेतातल्या विहिरीवरून हंडे आणत होत्या. वंदनानं ते तीन दिवसांत थोडं थोडं करून दाखवलं. एकूण अकरा मिनिटं.

मी ती अकरा मिनिटं चार वेळा बघितली, मोजायला म्हणून. त्यात एकही पुढारी नव्हता. कुणाचं नाव नव्हतं, कोणत्या पार्टीचा झेंडा नव्हता. मुद्दाम ठेवलं नव्हतं, ती मला म्हणाली होती, "काका, कुणाचं नाव घेतलं का बातमी त्याची व्हती. पाण्याची ऱ्हात न्हाई." शेवटी जमनाबाई नावाची एक म्हातारी नळ उघडते, वाकून त्याला कान लावते आणि कॅमेऱ्याकडं बघून सांगते, "आवाज येतो. सूं करतो. पाणी न्हाई येत." बस, एवढंच. कुणावर राग नाही. जणू शेजारच्या घराबद्दल सांगावं तसं.

मी पेन्सिलीनं लिहिलं : इतर, अकरा.

त्याच आठवड्यात सत्तेकडच्या एका मोठ्या माणसाचा दौरा झाला होता. पुसेगावला कसलंसं भूमिपूजन, हिंगोलीत सभा, हार, भाषण. रविवारी सकाळी मी बेरीज मांडली. सत्तेकडचे एकतीस. विरोधातले अठरा. इतर एकेचाळीस. एकूण नव्वद.

फरक तेरा.

मी परत मोजलं. तेराच. मंगलनं पोहे आणून ठेवले, ते थंड झाले. संध्याकाळी मी कॅमेऱ्यासमोर बसणार होतो, आणि दोन म्हणून सांगितलेला माणूस तेरा म्हणणार होता. काय झालं असतं? मी आता शांतपणे विचार करतो तेव्हा उत्तर येतं — काहीही नाही. टपरीवर लोक हसले असते. किसन काहीतरी बोलला असता. गजूभाऊंनी पुढच्या आठवड्यात विरोधातल्यांची एखादी सभा दाखवली असती. एवढंच.

पण समोर रकाने होते. डोळा सारखा त्या अकरावर जात होता. अठरा आणि अकरा एकोणतीस. एकतीस आणि एकोणतीस. फरक दोन. बरोबर दोन.

तुम्हाला तराजू आठवत असेल तर पासंगही आठवेल. दोन पारडी मुळातच सारखी नसली तर हलक्या पारड्याखाली एखादा खडा बांधतात, म्हणजे काटा मधोमध येतो. त्या खड्याला पासंग म्हणतात. तो खडा म्हणजे माल नसतो. त्याला कुणी विकत घेत नाही, त्याचं कुणाला देणंघेणं नसतं. तो फक्त काटा सरळ दिसावा म्हणून असतो.

मी रबर घेतलं.

पेनानं रेघ मारली असती तर दिसली असती. मला पासष्ट-सत्तर वर्षांची आमच्या घरची रीत माहीत होती — रेघ, आकडा, सही. म्हणूनच रबर घेतलं. मनाशी एक कारणही रचलं : टाकी सत्तेकडच्यांच्या काळात बांधलेली, तिच्यात पाणी नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या विरोधातच की. कारण ऐकायला वाईट नाही. पण ते कारण मला रबर फिरवून झाल्यावर सुचलं. आधी नाही. हे मला त्याच क्षणी माहीत होतं, म्हणून आता भोळेपणाचा आव आणत नाही. इतर तीस झाले, एकूण नव्वदच राहिले. बेरीज चुकली नाही. बेरीज मी कधी चुकवत नाही.

संध्याकाळी वाचलं. सोमवारी यादी दारावर लागली. विरोधातले — आणि त्याखाली, तांड्याचं पाणी, अकरा मिनिटं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं.

तोवर तांड्याच्या बातमीला कुणी काही म्हणू शकत नव्हतं, कारण तिच्यात धरायला काही नव्हतं. आता होतं. सत्तेकडचा तिथला ग्रामपंचायतीचा सदस्य यादीचा फोटो मोबाईलवर घेऊन तांड्यात गेला. बायका त्याला नळाचं विचारायला जमल्या होत्या. तो म्हणाला, "ज्यांच्या रकान्यात गेलात, त्यांच्याकडून पाणी घ्या." हे मला वंदनाकडून नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात कुणीतरी पाहणीला येणार होतं, तेही आलं नाही. आणि तीच यादी घेऊन तो गजूभाऊंकडं गेला — हा विरोधकांचा अजेंडा आहे, तुमच्या मापाड्यानंच लिहून दिलंय.

वंदनाच्या बातमीचा दुसरा भाग तयार होता. तो मोठा होता. ती टाकीपासून, टाकीत पाणी आणणाऱ्या पाईपच्या कडेकडेनं चालत गेली होती, शेतांतून, काट्यांतून, आणि पाईप कुठं संपतो ते तिनं शोधलं होतं. मला आधीच सांगितलं होतं तिनं, डोळे मोठे करून — "काका, एका बाभळीखाली संपतो. तोंडात गोणपाट कोंबलेलं हाय. तिथून तांडा दिसतो." हे ती कॅमेऱ्यात घेऊन आली होती. गजूभाऊ तिला म्हणाले, थांब जरा, विरोधातल्यांची मिनिटं ह्या हप्त्यात भरली. माझ्याच आकड्यावर बोट ठेवून म्हणाले. दुसरा भाग थांबला. नंतर निवडणुकीची आचारसंहिता, मग प्रचार. तो कधी लागलाच नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, एक चुकीची नोंद. होते माणसाकडून.

नाही. अजून सांगायचं राहिलं आहे.

हळदीचा भर होता. दुपारची वेळ, मोंढ्यात सगळ्यांच्या भुवया पिवळ्या झालेल्या. वंदना आली. स्कूटी बाहेर लावून पोत्यांच्या थप्प्यांमधून सरळ माझ्या काट्याजवळ. मी आकडा पुकारत होतो, ती थांबली. पोतं उतरल्यावर म्हणाली, "काका, माझं पाणी विरोधातलं कवापासून झालं?"

मी काट्यावर सांडलेली हळद झटकली.

"तुमी टाकलं का गजूभाऊनी टाकायला लावलं, येवढंच सांगा. मी दुसरं काही विचारीत न्हाई."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. जमनाबाई नळाला कान लावते तसा तिनं माझ्याकडं कान लावला होता. एका शब्दाचं काम होतं — मी. आजूबाजूला चार हमाल, एक मुनीम, शेतकरी. वर्षानुवर्षं त्या जागी उभा राहून मी आकडे मोठ्यानं पुकारत होतो.

मी हळू आवाजात म्हणालो, "पोरी, मला जसं सांगितलं तसं लिहिलं."

कानात सांगितल्यासारखं. फक्त तिला ऐकू जाईल असं.

तिनं मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी मापाडी होतो. ती तिथून थेट गजूभाऊंच्या ऑफिसात गेली, त्यांना चार लोकांत म्हणाली की तुमी विकले गेले, आणि काम सोडलं. गजूभाऊ माझ्याकडं आले होते संध्याकाळी. गोंधळलेले. म्हणाले, "पोरगी काहून भडकली काही समजंना. मी तर तिला थांब म्हणालो, बंद कर न्हाई म्हणालो." मी म्हणालो, तरुण आहे, होईल शांत. असंही बोलता येतं माणसाला. मी त्यांना चहा पाजला.

निवडणूक झाली. दोन्ही बाजूंनी मिळून माझा सत्कार केला, शाल आणि नारळ. लाकडी चौकटीत पितळेचा एक तराजू दिला, खाली "निःपक्ष" असं कोरलेलं. तो आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर आहे. मंगल दर शुक्रवारी तो पुसते.

त्या उन्हाळ्यात मी तांड्यावर गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. मला बघायचं होतं — खरं सांगतो, पश्चात्ताप वगैरे नंतरचा, आधी कुतूहल होतं. ती बाभळ खरंच आहे का? पाईप खरंच तिथं संपतो का? की तिनंही थोडं वाढवून सांगितलं असेल? वाढवून सांगितलेलं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हेही लिहून ठेवतो. मी टाकीपासून चालत निघालो, तिच्यासारखाच. बाभळ होती. गोणपाट होतं. तिथून तांडा दिसत होता.

परतताना पहिल्याच घराच्या ओट्यावर जमनाबाई बसलेली. मी तिला ओळखलं. मला वाटलं नव्हतं की तीही मला ओळखेल. "तुमी टीवीतलं ना," ती म्हणाली, "बराबर तोलणारं." आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. विहिरीवरून आणलेलं. ती विहीर बाभळीच्या वाटेवरच होती; किती लांबून आणलेलं ते मी नुकतंच चालून बघितलं होतं. नको म्हणता आलं असतं. मी घेतलं. पूर्ण तांब्या प्यालो, आणि तिनं "आणखी देऊ का" विचारलं.

पाणी आलं नंतर तांड्यात. त्या उन्हाळ्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही, त्याच्यानंतरच्या पावसाळ्यात. दुसरा भाग लागला असता तर आधी आलं असतं का? मला माहीत नाही. मोजता येत नाही. आणि मोजता येत नाही म्हणून शून्य धरून टाकता येत नाही, एवढं मला या धंद्यात कळतं.

गजूभाऊंच्या बातम्या वर्षभरात बंद पडल्या. वंदनासारखं फिरणारं दुसरं कुणी मिळालं नाही. लोक आता मोबाईलवर आपापल्या बाजूचं बघतात. मीही मोजणं सोडलं. मंगलला वाटतं, डोळे दुखतात म्हणून.

हे आज का लिहितो? गेल्या महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न होतं. फोटो काढायला सेनगावहून बाई येणार असं भाऊ म्हणाला होता. आली ती वंदना. तिचा आता स्टुडिओ आहे, हाताखाली दोन मुली आहेत. मला बघून तिनं कॅमेरा बाजूला केला, वाकून पाया पडली. लेकरांचं सांगितलं, मोठी बारावीला आहे. मग हसत हसतच म्हणाली, "काका, त्या केबलवाल्यात एक तुमीच माणूस व्हते. गजूभाऊनी विकलं आपल्याला." आणि मला खुर्चीवर बसवून माझा फोटो काढला. "जरा सरळ बघा," म्हणाली.

मी सरळ बघितलं. याही वेळी बोललो नाही.

गजूभाऊंनी विकलं नव्हतं. मीही विकलं नव्हतं — कुणी विकत मागितलंच नव्हतं. कुणाचा फोन नव्हता, कुणाची धमकी नव्हती, कुणाचं काही घेतलेलं नव्हतं. मोठ्या चॅनलवाल्यांना निदान मालक असतो. मला फक्त काटा सरळ दिसायला हवा होता.

वही माझ्याकडं आहे. त्या पानावर रबर फिरवलेली जागा थोडी पांढरी आणि पातळ झाली आहे; उजेडात धरली तर पलीकडचं अक्षर दिसतं. काल मी तिथं आडवी रेघ मारली, शेजारी आकडा लिहिला, सही केली, कालची तारीख घातली. पुकारायचं तेवढं राहिलं होतं.

सत्तेकडचे एकतीस. विरोधातले अठरा. इतर एकेचाळीस, त्यात तांड्याचं पाणी अकरा. फरक तेरा.